नाव न सांगितलेला अल्बम

मथुरा मागे पडली आणि खिडकीबाहेरचं सगळं नाहीसं झालं. काचेला कुणी बाहेरून चुना लावलाय असं वाटावं, इतकं दाट धुकं. गाडी थोडी चालायची आणि त्याहून जास्त वेळ उभी राहायची. मला एका जागी बसवत नाही हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे; डब्यातल्या लोकांना ते झाशीच्या आतच कळलं होतं. दारापर्यंत जायचं, परत यायचं, बर्थवर टेकायचं, पुन्हा उठायचं. कानात इअरफोन आणि बोट सारखं फोनवर. कुमाऊंकडची कुणी बाई हुडक्याच्या (डमरूचा थोरला भाऊ, खांद्याला अडकवून वाजवतात) तालावर गात होती. तिला अर्ध्यात सोडून मी पुढच्या गाण्यावर गेलो. तेही सोडलं.

समोरच्या बर्थवर फरिदाबादला उतरणाऱ्या एक आजी होत्या. डब्यातली मठरी (आपल्या खाऱ्या शंकरपाळीची जाडजूड बहीण) पुढे करत त्या म्हणाल्या, "भाईसाहब, एक गाना तो पूरा सुन लो. गाने वाला क्या सोचेगा?"

"गाने वाले को क्या पता चलता है, माताजी?"

"पता चलता है," असं म्हणून त्या परत रजाईत शिरल्या.

मठरी झकास होती. उत्तर मात्र खटकलं; मी दिल्लीला कशासाठी निघालोय हे त्या बाईंना कुठे माहीत होतं.

तुमच्यापैकी ज्यांनी माझ्याकडून गाडीचं सीट कव्हर किंवा टेप नेलाय, त्यांना माझं दुकान माहीत आहे. फुटपाथवर मॅट विकत मी सुरुवात केली. पुढे कॅसेटचे टेप आले, मग सीडीचे, आता नुसता काचेचा पडदा असतो आणि गाणं फोनमधून येतं. माझ्या मामेबहिणीची मुलगी इशानी एका लग्नाला सांगलीला आली होती. तिने माझा फोन हातात घेऊन त्यात गाण्यांचं ॲप टाकून दिलं. "मामा, तुम्ही बस एक गाणं लावा. पुढचं वो खुद ढूंढ लेगा."

तिचं खरं निघालं. दुकानातली दुपार म्हणजे माशा मारायची वेळ. ओळखीचं एक गाणं लावायचं, ते संपलं की ॲप आपल्या मनानं दुसरं लावतं, मग तिसरं, आणि तासाभरात आपण भलत्याच गावी पोचतो. हरियाणातल्या रागिणी, लखनौकडच्या बायकांची लग्नगीतं, गोव्याच्या कुणा म्हाताऱ्यानं घरात बसून वाजवलेली क्लॅरिनेट. हे अल्बम कुणी विकत घेतले असतील असं वाटत नव्हतं. कॅसेटच्या जमान्यात अर्धं आयुष्य काढलेल्या मला यांची नावंही ठाऊक नव्हती. मी प्रवासाला न जाता प्रवास करायला लागलो.

अशाच एका दुपारी एक मराठी भावगीत लागलं. पेटी, व्हायोलिन, एक पोरगेला आवाज. मी चहा ओतत होतो. दोन कडवी झाली, आणि तिसऱ्या कडव्यात शब्दच नव्हते. गाणारा नुसता ता ना ना करत होता. चहा कपाबाहेर गेला, नव्या कोऱ्या कव्हरवर सांडला. ते कव्हर आता माझ्याच गाडीला आहे. कारण ता ना ना करणारा तो पोरगा मी होतो.

हे नीट सांगायला हवं.

बाजार नुकता खुला झाला होता तेव्हाची गोष्ट. चाळीत केबल आली होती, रस्त्यावर नव्या गाड्या आल्या होत्या आणि कॅसेटी भाजीसारख्या ढिगानं विकल्या जात होत्या. माझा मामा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. आर. के. पुरमच्या त्याच्या क्वार्टरमध्ये मी काम शोधायला म्हणून जाऊन पडलो होतो. मराठी मंडळींच्या गणपतीत गायलो. तिथे वाद्यमेळ बसवणारे चावलाजी आले होते. ते म्हणाले, "बेटा, गला अच्छा है. नोएडा आ जा."

नोएडा म्हणजे तेव्हा वारा, आखलेले प्लॉट आणि मधेच उभे असलेले कारखाने. त्यातल्या एका कॅसेट कंपनीच्या स्टुडिओत मी एका मराठी अल्बमची सगळी गाणी गायलो. एका गाण्याचं तिसरं कडवं मुंबईहून लिहून यायचं होतं. चावलाजी म्हणाले, "यहाँ ता ना ना कर दे." मी केलं. मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझा अल्बम येतोय.

त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मोठा गायक येण्याआधी कुणा साध्या गळ्याकडून गाणी गाऊन घ्यायची, वाद्यं त्यावर बसवायची. मग मोठा गायक येतो, त्याच वाद्यांवर गातो आणि आधीचा आवाज पुसला जातो. त्या आधीच्या आवाजाला डमी म्हणतात.

कॅसेट आली तेव्हा मामानं पाच विकत घेतल्या. शेजारपाजारची मराठी कुटुंबं बोलावली. मामीनं पोह्यांचा चिवडा केला. मामानं स्वतःच्या हातानं बटण दाबलं आणि त्या खोलीत दुसराच आवाज सुरू झाला. मोठ्या गायकाचा. त्यांचं नाव इथे घेत नाही. ते आज नाहीत, आणि माझं भांडण त्यांच्याशी नव्हतंच. मामाची मुलगी नंदा, म्हणजे इशानीची आई, तेव्हा शाळेत होती. ती म्हणाली, "दादा, यात तू कुठेयस?" कुणीतरी फस्सकन हसलं.

त्या दिवसापासून नातेवाइकांत माझं नाव डमी. मी दिल्ली सोडली. नंतर धंद्यासाठी किती वेळा आलो, पण करोल बागेत माल घ्यायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची. यमुना ओलांडून नोएडाला पुन्हा गेलो नाही.

आता कंपनीनं जुन्या टेप ॲपवर चढवताना भलतीच टेप चढवली होती. डमीची. नाव मोठ्या गायकाचं, आवाज माझा. मला एकच गोष्ट हवी होती: तिथे माझं नाव. मग सगळ्या नातेवाइकांना ते पाठवणार होतो. पहिलं नंदाला.

निजामुद्दीनला उतरलो तेव्हा सकाळ उलटून गेली होती, तरी दिवे लागलेले होते. द्वारकेला जायला गाडी केली. ड्रायव्हरनं निम्म्या वाटेवर विमानतळाचा जास्तीचा आकार मागितला. मी म्हटलं, मी विमानानं आलेलो नाही, माझ्या अंगाला रेल्वेचा वास येतोय, हुंगून बघ. तो हसला नाही. मीही हसलो नाही. पालमपर्यंत आम्ही भांडलो आणि त्यानं तो आकार सोडून दिला.

द्वारका म्हणजे एकामागे एक सोसायट्या, सेक्टरचे आकडे आणि सगळीकडे सारखंच फाटक. नंदाच्या फाटकावरच्या रखवालदारानं मला अडवलं. "ॲप पे एंट्री आएगी, तब जाओगे." मी चिडून म्हटलं की मी पाहुणा आहे, पार्सल नाही. तेवढ्यात त्याच्या फोनमधून नंदाचा आवाज सगळ्या आवारात घुमला, "भैया, आने दो, आने दो! आमचा डमी आलाय!"

ही अशी सुरुवात.

घर मात्र उबदार. नंदाचे यजमान दौऱ्यावर होते. नंदा मटारची आख्खी गोणी घेऊन बसली होती. दिल्लीत हिवाळ्यात बायका वर्षाचे मटार सोलून ठेवतात. जेवायला मटार-बटाटा, गाजराचा हलवा आणि खास माझ्यासाठी पिठलं. मी दोन घास खाऊन खिडकीशी, पुन्हा ताटाशी.

"बस ना रे जरा! खुर्ची चावतेय का तुला?"

"बाजार बंद होईल."

"बाजार तुझ्या आधीपासून आहे, दादा. खा."

मी जेवलो आणि करोल बागेकडे पळालो. काम नसतानाही गेलो असतो. गाडीच्या सामानाच्या त्या गल्ल्यांत हॉर्न, दिवे, रेक्झीनचा वास आणि "भाईसाहब, देख तो लो" यांत माझं डोकं शांत होतं. माझा नेहमीचा दुकानदार, पापाजी म्हणतात त्याला सगळे, कुल्हडमधला (मातीचा पेला) चहा देऊन म्हणाला, "आज क्या चाहिए?"

मी हॉर्न पाहिले. मॅट पाहिल्या. एका परफ्युमच्या बाटलीला नावं ठेवली. मला हवे होते ते स्पीकर अगदी नाकासमोर होते, पण त्यांच्याकडे बघितलंही नाही. हा करोल बागेतला पहिला नियम आहे आणि तो मी मार खाऊन शिकलोय: ज्या मालावर डोळा आहे त्याचं नाव आधी घ्यायचं नाही. सगळ्याचे भाव काढायचे, समोरच्याला बोलतं करायचं, आणि उठता उठता म्हणायचं, हे काय आहे? नाव घेतलंत की माल तुमच्या हातातून गेला.

पापाजी शेवटी वैतागून म्हणाला, "ओए, स्पीकर ले ले और जान छोड़!" जुनी ओळख. त्यालाही नियम माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार, कंपनी बंद. इशानी म्हणाली, "मामा, पानिपतला काला अंब बघू या?"

मराठी माणूस दिल्लीला आला की त्याला आग्रहानं हरलेली लढाई दाखवायला नेतात. नंदा आली नाही. "पाहुण्यांना पानिपत दाखवून दाखवून माझीच शहीद व्हायची वेळ आलीय," म्हणाली. इशानी गुडगावला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. गाडी मात्र ट्रक चालवल्यासारखी चालवते. हायवेच्या दोन्ही अंगाला मोहरीची शेतं आणि शेतांत मधेच उगवलेल्या वीस मजली इमारती. गाण्यांचं खातं तिच्याकडे. तिची पद्धत निराळी. ती कधीच गाणं बदलत नाही. नको असलं तरी शेवटपर्यंत ऐकते.

"का?"

"एकदा मैंने स्किप किया, तो नंतर ते गाणं मिळालंच नाही. नाम ही नहीं देखा था. अजून शोधतेय."

वाटेत मुरथलच्या ढाब्यात आलू पराठ्यावर लोण्याचा गोळा वितळत असताना मी माझा फोन तिच्याकडे सरकवला. तिनं एक इअरफोन कानात घातला. खाणं थांबवून ऐकलं.

"यार मामा, हे काय आहे? थर्डवाला... जिथे शब्द नाहीत..."

"तिसरं कडवं."

"कडवं म्हणजे?"

"अंतरा."

"हां, अंतरा. काय सोचा असेल ना त्यांनी! कहना है, पण शब्द नाहीत. बिल्कुल असंच वाटतं."

मुंबईहून शब्द वेळेत पोचले नव्हते, एवढंच होतं ते. मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पराठा थंड झाला आणि तिचे डोळे मोठे झाले. "मामा! हे तुम्ही आहात? ये तो बहुत बड़ी बात है. मी आत्ता त्यांना मेल टाकते."

"खबरदार. समोरासमोर बोलणार मी. आणि तुझ्या आईला एवढ्यात सांगायचं नाही. नाव लागलं की मीच दाखवणार."

काला अंब शांत जागा आहे. मोकळं मैदान, बाग, वीटकामाचा तो स्तंभ. साताऱ्याकडची एक मोठी मंडळी बस करून आली होती. फेटेवाले आजोबा स्तंभापुढे चप्पल काढून उभे होते. मला म्हणाले, "कुठलं गाव?"

"सांगली."

"लांब आलात."

"तुम्हीपण."

"ते त्याहून लांब आले होते," ते स्तंभाकडे बघत म्हणाले, "आन् चालत." मग चपला घालता घालता सुनेवर ओरडले की पाण्याची बाटली बसमध्ये का विसरलात. मला तो माणूस आवडला. पण मी तिथे फार वेळ थांबलो नाही. हरलेल्या जागी उभं राहायची मला सवय नाही.

सोमवारी मेट्रो. द्वारकेहून नोएडाला जायला गाडी बदलावी लागत नाही. एकच निळी लाइन दिल्लीच्या पोटातून आरपार जाते. मला बसायला जागा मिळाली होती तरी मी दारात उभा. कानात कुणी राजस्थानी लंगा (तिकडच्या गवयांची जमात) गात होता. मनात भाषण तयार करत होतो: आधी सौम्य बोलायचं, मग आवाज चढवायचा, मग वकिलाचं नाव काढायचं. भाषणात रंगलो, दार उघडलं, पाय सवयीनं बाहेर पडले. दार बंद झाल्यावर वर बघितलं तर करोल बाग. आणि सोमवार, म्हणजे बाजारही बंद. फलाटावर उभा राहून मी स्वतःला अस्सल सांगलीच्या शिव्या दिल्या. शेजारच्या कॉलेजच्या मुलीनं फोनमधून डोकं वर काढून विचारलं, "अंकल, सब ठीक?"

"आदत से उतर गया, बेटा."

"अगली आ रही है," ती म्हणाली.

पुढच्या गाडीत मी बसलो आणि सीट घट्ट धरून ठेवली. गाडी जमिनीखालून वर आली. यमुना आली. काळपट पाणी, त्यावर पांढरे पक्षी, काठावर भाजीचे मळे. तेव्हा हीच यमुना मी बसच्या खिडकीतून पाहिली होती, नव्या शर्टात, तोंडात खडीसाखर धरून. तेव्हाही माझा पाय असाच हलत होता.

नोएडा ओळखू येईना. वारा होता तेवढा राहिलाय. कारखान्याच्या जागी काचेची इमारत. खाली कॉफीचं दुकान, वर नऊ कंपन्यांच्या पाट्या. त्यात एक आमच्या त्या कॅसेट कंपनीची. जुन्या गाण्यांचं खातं सांभाळणारी रितिका नावाची मुलगी मला भेटली. गळ्यात हेडफोन, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. मी ओरडायच्या तयारीनं गेलो होतो आणि ती उठून उभी राहिली. "सर, सांगली से आए हैं? इतनी दूर? पहले चाय."

चहा आला. मी करोल बागेच्या रीतीनं सुरुवात केली. नाव काढलंच नाही. आधी विचारलं, एवढ्या जुन्या टेप ॲपवर कशा चढवता? ती खुलली. म्हणाली, गोदामात टेपचा डोंगर आहे, बऱ्याचशा भाषा इथे कुणाला कळत नाहीत, चुका होतात. परवाच एका भजनाच्या अल्बममध्ये लग्नाची गाणी निघाली.

"अच्छा," मी म्हटलं, "मान लीजिए, असली गायक की जगह डमी वाली टेप चढ़ गई हो. तब?"

"होता है, सर. मोठ्या गायकाला शिकण्यासाठी डमीची एक कॉपी जायची ना, ती परत येऊन त्याच कपाटात पडायची." हे ती अर्थात हिंदीत म्हणाली. "कोई बता दे, तो हम तुरंत सही वाली चढ़ा देते हैं."

"और डमी वाली?"

"हटा देते हैं."

मी कप खाली ठेवला. "हटाने की क्या ज़रूरत? उसी का नाम लिख दो नीचे. आवाज़ उसकी, नाम उसका. सीधा हिसाब."

"नहीं हो सकता, सर. डमी वाले का कोई ॲग्रीमेंट ही नहीं होता था. बिना ॲग्रीमेंट की आवाज़ तो हम रख ही नहीं सकते. पता चला तो हटानी ही पड़ेगी."

मी भांडलो. तुम्ही मला ओळखता. आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. हा कुठला न्याय, म्हटलं. गळा वापरला तेव्हा कागद लागला नाही, नाव द्यायची वेळ आली की कागद? ती चिडली नाही. मान हलवत राहिली. "आप सही कह रहे हैं, सर. पर मेरे हाथ में बस चढ़ाना और हटाना है." मग खुर्ची पुढे ओढून कीबोर्डवर बोटं ठेवली. "अल्बम का नाम बताइए. मैं अभी देख लेती हूँ."

तीस वर्षांचा राग माझ्या जिभेच्या टोकावर होता. नुसतं नाव उच्चारायचं, की पुरावा तयार. ती ऐकणार, मान्य करणार: हो, हा मोठ्या गायकाचा आवाज नाही. मी खरा ठरणार. आणि लगेच पुसला जाणार. याच जागेवर, दुसऱ्यांदा. या वेळी माझ्याच तोंडून.

"सर? नाम?"

"याद नहीं आ रहा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या लांबून आलेला, एवढा ओरडलेला माणूस. मग तिनं कीबोर्डवरची बोटं काढून घेतली. "याद आए तो बताइएगा," ती म्हणाली. आणि हळूच, "वैसे मैं होती, तो डमी वाली भी सुनना चाहती."

तिला सांगावंसं वाटलं. फार वाटलं. तिला फक्त उरलेलं सँडविच खा म्हटलं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं उतरलो.

खाली रस्त्यावर कितीतरी वेळ नुसता चालत होतो. सेक्टरमागून सेक्टर. एका टपरीवर चहा घेतला, न पिताच पुढे निघालो, टपरीवाल्यानं हाक मारून पैसे मागितले तेव्हा त्याच्यावर भडकलो, मग त्याचीच माफी मागितली.

द्वारकेला पोचलो तेव्हा नंदा तशीच मटारच्या ढिगामागे बसलेली. इशानीनं लॅपटॉप मिटला आणि मला गच्चीकडे ओढलं. "नाव लागणार?"

मी सांगितलं. ती उसळली. "मामा! नाम बताया ही नहीं? फिर गए क्यों थे?"

"तुझा तो मेल कधीच जायचा नाही. शपथ घे."

"ये तो ना-इन्साफी है यार."

"शपथ."

तिनं घेतली, पण पाय आपटत आत गेली. आणि आत जाऊन तिनं स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर तेच गाणं लावलं. आईला सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, ऐकवायचं नाही असं नाही.

मी दारातच थांबलो. नंदा सोलत होती, मटार पातेल्यात पडत होते. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिला काही पत्ता नव्हता; इशानीला म्हणाली, "जुनं दिसतंय गं, छान आहे." मग ता ना ना सुरू झालं, आणि नंदाचे हात थांबले.

"हे..." ती म्हणाली. शेंग तशीच हातात. "इशू, मागे घे जरा."

इशानीनं मागे घेतलं.

"दादा, इथे श्वास तोडलायस तू. ओळीच्या मधे." तिनं माझ्याकडे बघितलं. "क्वार्टरच्या गॅलरीत पहाटे घोकायचास, तेव्हा रोज इथेच तोडायचास. मी रजाईत डोकं खुपसून वाट बघायचे, आज नीट जातोय का. कधीच गेला नाही."

ती उठली, हात पदराला पुसले, स्पीकरजवळ जाऊन उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही.

"बाबांनी ऐकायला हवं होतं," एवढंच म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "पण तेव्हा तोडलास तो तोडलासच. दम म्हणून नव्हता तुझ्यात. बस आता, मटार सोल."

मी बसलो. ढीग संपेपर्यंत बसलो. असं मी कधी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निजामुद्दीनच्या फलाटावर तिनं हलव्याचा डबा हातात दिला आणि गाडी सुटताना ओरडली, "पोचलास की फोन कर, डमी!" हमाल वळून बघायला लागले. त्या हाकेचा मला पहिल्यांदाच राग आला नाही. जरासा आला.

परतीच्या वाटेवर धुकं नव्हतं. चंबळची घळ उन्हात उघडी पडलेली दिसली. मी फोन काढला, कुमाऊंच्या त्या बाईंना शोधलं आणि त्यांचा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. त्यांचं नाव पडद्यावर होतं. ते खरंच त्यांचं आहे की नाही, कोण जाणे.

तर आता तुम्ही विचाराल, यशवंतराव, अल्बम कोणता? दुकानात येऊन काहींनी विचारलंही आहे. सांगणार नाही. गायक, गीतकार, कंपनी, काहीच नाही. ज्या मालावर डोळा आहे त्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि या मालावर माझा डोळा आहे.

तुम्ही एवढं करा. दुपारी कामं उरकली की ॲप लावा आणि ओळखीची गाणी संपली की फोनला हात लावू नका. ते नेईल तिकडे जा. नको असलेलं गाणंही पुरतं ऐका. गाणाऱ्याला कळतं म्हणतात. कधीतरी एक मराठी गाणं लागेल, दोन कडव्यांनंतर शब्द संपतील आणि एक पोरगा ता ना ना करत राहील. ओळीच्या मधेच श्वास तोडेल. तेव्हा पडद्यावरचं नाव वाचू नका. आणि चूक सापडली म्हणून कुणाला कळवायला जाऊ नका.